व्यसन सुटेपर्यंत

व्यसन वाईट आहे, हे पटवून देण्यासाठी आता फारसे श्रम करावे लागत नाहीत. खुद्द व्यसनी माणसालाही ते पटलेले असते; किंबहुना इतरांपेक्षा त्यालाच ते अधिक ठाऊक असते. कीर्तनकारांनी सांगून झाले, शाळेतील धड्यांनी सांगून झाले, सरकारने कायदे केले, घरच्या माणसांनी देवापुढे शपथा घ्यावयास लावल्या. इतके होऊनही काही माणसांचे व्यसन आज सुटलेले नाही, आणि कदाचित या वर्षअखेरपर्यंतही सुटणार नाही. अशा माणसाचे तोपर्यंत काय करावयाचे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. जो सोडावयास तयार आहे त्याच्यासाठी उपचार, आणि जो तयार नाही त्याच्यासाठी तुरुंग किंवा घराच्या उंबरठ्याबाहेरची जागा, अशी सोपी वाटणी समाजाने करून ठेवली आहे. या दोहोंच्या मधोमध फार मोठा जनसमुदाय उभा आहे. सोडावेसे वाटते पण सुटत नाही, चार महिने सुटते आणि पुन्हा धरते, अशी ही माणसे. त्यांच्या जगण्यामरण्याचा विचार हाच या भाषणाचा विषय आहे.

हा समुदाय किती मोठा आहे, याचा अंदाज सरकारी पाहणीवरून येतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार, मद्यामुळे अपाय होत असलेल्या किंवा मद्यावर अवलंबून असलेल्या लोकांची संख्या 5 कोटी 70 लाखांच्या घरात होती. अफू आणि तिच्यापासून होणारे हेरॉइनसारखे पदार्थ यांच्यामुळे ज्यांना मदतीची गरज होती, असे लोक सुमारे 77 लाख होते. आणि सुईने मादक द्रव्य टोचून घेणारे सुमारे साडेआठ लाख. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या मानसिक आरोग्याच्या पाहणीत असे आढळले की, मद्याच्या विकाराने ग्रासलेल्यांपैकी 85 टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत कोणताही उपचार पोहोचलेलाच नव्हता. म्हणजे उपचाराच्या दारापर्यंत येणारे थोडे, आणि दाराबाहेर राहणारे अगणित. दाराची अटच जर ‘आधी सोड, मग आत ये’ अशी असेल, तर याहून निराळे काय घडणार?

गेल्या चार दशकांत वैद्यकाने या प्रश्नाकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी स्वीकारली. तिला हार्म रिडक्शन, म्हणजे हानी कमी करण्याचा मार्ग असे म्हणतात. तिचे सूत्र साधे आहे. व्यसन सुटावे ही इच्छा कायम ठेवावी. परंतु ते सुटेपर्यंत माणूस मरू नये, त्याला दुसरा असाध्य रोग जडू नये, त्याचे घर आणि काम तुटू नये, आणि वैद्याशी असलेला त्याचा संबंध संपू नये, यासाठी जे करता येईल ते आजच करावे. मधुमेही माणसाने लग्नाच्या पंगतीत जिलबी खाल्ली म्हणून कोणी डॉक्टर त्याचे इन्सुलिन बंद करीत नाही. क्षयाच्या रोग्याने मध्येच औषध सोडले तर त्याला शोधून काढून पुन्हा औषध सुरू केले जाते. व्यसनाच्या बाबतीत मात्र रोगाचे लक्षण हाच रोग्याचा अपराध ठरतो, आणि पुन्हा प्यायला म्हणून त्याला उपचारातूनच काढून टाकले जाते. ही विसंगती दूर करणे, एवढेच या दृष्टीचे मागणे आहे.

ही कल्पना परदेशातून आलेली आहे, असे अनेकांना वाटते. तसे पाहिले तर आपल्या परिसराला ती अगदीच अपरिचित नाही. माळव्याचा इतिहास अफूवाचून लिहिता येत नाही. एकोणिसाव्या शतकात होळकर आणि शिंदे यांच्या मुलखातील अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात असे, आणि संस्थानांच्या उत्पन्नात तिचा वाटा मोठा होता. आजही मंदसौर, नीमच आणि रतलाम या भागांत सरकारी परवान्याने पोस्ताची शेती होते. परवाने देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्य ठाणे ग्वाल्हेरला आहे, आणि अफूपासून औषधी द्रव्ये काढण्याचा सरकारी कारखाना नीमचला आहे. जेथे पीक होते तेथे खाणारेही होतेच. म्हातारपणीच्या सांधेदुखीवर, खोकल्यावर, अतिसारावर अफूची गोळी घेण्याची रीत होती. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या माता तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन निजवीत असत, याच्या नोंदी आहेत.

स्वातंत्र्यानंतर या सवयीला आळा घालण्याचे ठरले तेव्हा सरकारने जी पद्धत स्वीकारली, ती लक्षात घेण्याजोगी आहे. 1949 मध्ये अफूविषयी जी अखिल भारतीय परिषद भरली, तिने अफू खाणे एका रात्रीत बंद केले नाही. दरवर्षी पुरवठा थोडा थोडा घटवीत दहा वर्षांत तो संपवावा, असे ठरले. 1959 नंतर सर्वसाधारण विक्री थांबली; परंतु जी वृद्ध व रोगी माणसे अफूवाचून जगू शकत नव्हती, त्यांची नोंद करून वैद्यकीय दाखल्यावर त्यांना ठराविक मात्रा मिळण्याची सोय ठेवण्यात आली. 1985 च्या मादक द्रव्यविषयक कठोर कायद्यातही ही जाणीव पूर्णपणे पुसली गेलेली नाही. नोंदणी झालेल्या व्यसनी माणसाला वैद्यकीय गरज असल्यास द्रव्य पुरविण्याची तरतूद त्या कायद्याच्या 71 व्या कलमात आहे, आणि स्वतःहून उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून सवलत देणारे कलमही त्यात आहे. गुजरातेत दारूबंदी असूनही आरोग्याच्या कारणासाठी मद्याचा परवाना मिळतो, हे बडोदेकरांना ठाऊकच आहे. त्या परवान्याचा दुरुपयोग होत असेलही. परंतु कायदा कितीही कडक असला तरी त्याला मानवी देहाच्या सवयीशी कोठेतरी तडजोड करावी लागते, हे त्यावरून दिसते.

इंग्लंडात हाच विचार 1926 मध्ये शास्त्रशुद्ध रीतीने मांडला गेला. सर हंफ्री रोलस्टन या नामांकित वैद्याच्या अध्यक्षतेखाली 1924 मध्ये एक समिती नेमली गेली होती. मॉर्फिन किंवा हेरॉइन यांच्या आहारी गेलेल्या रोग्याला डॉक्टरने ते द्रव्य देणे हा उपचार समजावा की गुन्हा, असा प्रश्न तिच्यापुढे होता. समितीने दोन प्रकारच्या माणसांसाठी ते योग्य ठरविले. ज्यांना हळूहळू मात्रा उतरवीत बरे करावयाचे आहे ते पहिले; आणि अनेक प्रयत्न करूनही ज्यांचे व्यसन सुटत नाही, परंतु थोडी ठराविक मात्रा मिळाल्यास जे आपला संसार आणि काम नीट करू शकतात, ते दुसरे. या दुसऱ्या प्रकाराचा स्वीकार करणे, हीच त्या अहवालाची खरी थोरवी होय. माणूस पूर्ण निर्व्यसनी झाला नाही तरी तो उपयोगी आयुष्य जगू शकतो, आणि त्याला तसे जगू देणे हे वैद्याचे काम आहे, असे त्या समितीने स्पष्टपणे मान्य केले.

पुढे हा धडा पुष्कळ देश विसरले आणि त्याची किंमत देऊन पुन्हा शिकले. स्वित्झर्लंडचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. झूरिक शहरातील मुख्य रेल्वे स्थानकाजवळ, राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयाच्या मागे, दोन नद्यांच्या संगमावर प्लात्सश्पिट्झ नावाचे एक रम्य उद्यान आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तेथे शेकडो तरुण-तरुणी उघड्यावर हेरॉइन टोचून घेत असत. त्यापूर्वी, 1985 मध्ये, डॉक्टरांनी व्यसनी लोकांना स्वच्छ सुया देऊ नयेत असा हुकूम तेथील आरोग्याधिकाऱ्यांनी काढला होता. सुया मिळेनाशा झाल्या की व्यसन थांबेल, अशी समजूत त्यामागे होती. व्यसन थांबले नाही. एकच सुई अनेकांच्या शिरांतून फिरू लागली आणि तिच्याबरोबर एड्सचा विषाणूही फिरला. काही डॉक्टरांनी तो हुकूम मोडला, आणि पुढे शहरालाच त्या उद्यानात स्वच्छ सुया वाटण्याची, लस टोचण्याची आणि बेशुद्ध पडलेल्यांना शुद्धीवर आणण्याची व्यवस्था करावी लागली.

1992 च्या फेब्रुवारीत उद्यानाचे दरवाजे बंद करण्यात आले. परंतु तेथील माणसे कोठे जाणार, याचा विचार पुरेसा झाला नव्हता. ती माणसे थोड्याच अंतरावरच्या लेटन या बंद पडलेल्या रेल्वे स्थानकात जाऊन बसली, आणि अवस्था पूर्वीपेक्षाही बिकट झाली. 1995 मध्ये लेटनही बंद झाले. पण या वेळी निराळी तयारी होती. मधल्या काळात मेथाडोनचे उपचार वाढविले गेले होते, निवारे उघडले होते, आणि 1994 पासून ज्यांच्यावर इतर उपचार अयशस्वी ठरले अशा निवडक रोग्यांना दवाखान्यात, परिचारिकेच्या देखरेखीखाली, शुद्ध हेरॉइन औषध म्हणून देण्यास सुरुवात झाली होती. त्यामुळे पोलिसांनी हटविलेल्या माणसाला जाण्यासाठी एक दार होते. त्या दशकाच्या आरंभी देशात मादक द्रव्यांमुळे वर्षाकाठी 400 च्या आसपास मृत्यू होत. दशकाअखेर ते जवळजवळ निम्म्यावर आले.

येथे स्विस जनतेने दाखविलेला समतोलही नोंदण्यासारखा आहे. 1997 मध्ये केवळ संपूर्ण निर्व्यसनतेवर आधारलेले धोरण असावे अशी मागणी सार्वमताला टाकण्यात आली; ती जनतेने मोठ्या बहुमताने फेटाळली. 1998 मध्ये मादक द्रव्ये मुक्त करावीत अशी उलट टोकाची मागणी आली, तीही फेटाळली. आणि 2008 मध्ये देखरेखीखालील हेरॉइन उपचार कायद्यात कायम करावेत काय, असे विचारले असता 68 टक्के मतदारांनी होकार दिला. प्रतिबंध, उपचार, हानी कमी करणे आणि विक्रेत्यांवर कारवाई, असे त्या धोरणाचे चार खांब मानले जातात. खांब चारही लागतात. आपल्याकडे बहुधा कारवाईचा एकच खांब उंच बांधला जातो, आणि त्यावर सारे छप्पर तोलण्याचा प्रयत्न होतो.

भारतातही हा धडा मणिपूरने फार मोठी किंमत देऊन घेतला. म्यानमारच्या सीमेवरील त्या चिमुकल्या राज्यात 1980 च्या दशकात ‘नंबर फोर’ या नावाने हेरॉइन पसरले. सप्टेंबर 1989 पर्यंत तेथे सुईने टोचून घेणाऱ्यांच्या तपासणीत एड्सच्या विषाणूचा मागमूस नव्हता. त्यानंतरच्या सहाच महिन्यांत त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांना लागण झाल्याचे आढळले. खिशात सुई सापडली की अटक होईल, या भीतीने तरुण स्वतःची सुई जवळ बाळगीत नसत, आणि जी मिळेल ती वापरीत. कारवाईच्या भीतीनेच रोगाला वाट करून दिली. त्यांच्याकडून तो विषाणू त्यांच्या पत्नींपर्यंत आणि मुलांपर्यंत गेला. अखेर सुया बदलून देण्याचे काम, पुढे ब्युप्रेनॉर्फिनचे उपचार, आणि व्यसनातून गेलेल्या माणसांनीच व्यसनी माणसांपर्यंत जाण्याची पद्धत तेथे रुजली. 2007 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात या उपायांना देशभर अधिकृत स्थान मिळाले.

ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही औषधे नेमके काय करतात, हे समजून घेतले पाहिजे. कारण ‘एक नशा काढून दुसरी दिली’ असा आक्षेप नेहमी घेतला जातो. हेरॉइनचा अंमल झपाट्याने चढतो आणि काही तासांत उतरतो. उतरला की अंग मोडते, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते, आणि माणूस पुढच्या मात्रेच्या शोधात चोरीपर्यंत जातो. त्याचा सारा दिवस त्या शोधातच संपतो. उपचाराच्या औषधाचा अंमल संथ व दीर्घ असतो. योग्य मात्रा बसली की गुंगी येत नाही आणि तळमळही होत नाही. माणसाला सकाळी औषध घेऊन कामावर जाता येते. न्यूयॉर्कमध्ये डॉ. व्हिन्सेंट डोल आणि डॉ. मेरी निस्वँडर यांनी 1960 च्या दशकाच्या मध्यास हे दाखवून दिले, आणि 2005 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

याच संदर्भात एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावी. अफूवर्गीय द्रव्याची सवय सुटली की देहाची ते पचविण्याची शक्तीही ओसरते. तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर पडलेला माणूस मोहाला बळी पडून पूर्वीचीच मात्रा घेतो, आणि त्याचा श्वास थांबतो. घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत धोक्याचे असतात. अशा वेळी नॅलॉक्सोन नावाचे औषध वेळेवर मिळाले तर मरणोन्मुख माणूस काही मिनिटांत श्वास घेऊ लागतो. ‘आता सुटला’ म्हणून निर्धास्त होणारे घर, आणि ‘पुन्हा घेतली’ हे सांगावयास घाबरणारा मुलगा, या दोहोंच्या मध्ये मृत्यूला जागा मिळते. सांगण्याची भीती कमी करणे हाही या दृष्टीने एक वैद्यकीय उपायच आहे.

मद्याची गोष्ट आणखी निराळी. अफूची तळमळ असह्य असते, पण ती सहसा जिवावर बेतत नाही. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र मद्य एकाएकी थांबविले तर जीव जाऊ शकतो. काही तासांत हातांना कंप सुटतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन माणूस नसलेल्या गोष्टी पाहू लागतो. ‘कोंडून ठेवा, चार दिवसांत उतरेल’ हा सल्ला म्हणून घातक आहे. 2015 मध्ये तेलंगणात भेसळीच्या ताडीवर कारवाई झाली. त्या ताडीत झोपेची औषधे मिसळलेली असत, आणि पिणाऱ्यांना नकळत त्यांचीच सवय जडलेली होती. ताडी थांबताच निजामाबाद आणि हैदराबादच्या रुग्णालयांत भ्रमिष्ट व झटके येणाऱ्या माणसांची गर्दी झाली. कारवाई योग्य होती. तिच्या आधी दवाखान्यांची तयारी हवी होती. 2020 च्या टाळेबंदीत मद्याची दुकाने एकाएकी बंद झाली तेव्हा एर्रागड्डाच्या मनोरुग्णालयाने पुन्हा तोच प्रकार पाहिला. केरळात तर आत्महत्या झाल्या. तेथील सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर मद्य देण्याचे ठरविले, आणि उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. डॉक्टरांनी स्वतः मद्य लिहून देण्यास विरोध केला होता, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते; कंप आणि झटके थांबविणारी औषधे उपलब्ध आहेत. उणीव होती ती ही औषधे खेड्यापाड्यांतील रोग्यापर्यंत पोहोचविणाऱ्या व्यवस्थेची.

हानी कमी करण्याचे उपाय मद्याच्या बाबतीत किती साधे असू शकतात, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. जेवण टाकून पिणाऱ्या माणसाच्या शरीरात ब-1 जीवनसत्त्वाची, म्हणजे थायामिनची उणीव होते. तिच्यामुळे मेंदूला इजा होऊन तोल जातो, दृष्टी डळमळते आणि पुढे स्मरणशक्ती कायमची नष्ट होऊ शकते. या जीवनसत्त्वाची किंमत अगदी थोडी असते. पिणे सुटले नसले तरी पोटात अन्न आणि वैद्याच्या सल्ल्याने हे जीवनसत्त्व जात राहिले, तर सुटेल त्या दिवशी त्या माणसाजवळ बुद्धी शाबूत असेल. विषारी दारूचेही तसेच आहे. 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे, आणि 2022 मध्ये गुजरातच्या बोटाद परिसरात चाळिसांहून अधिक माणसे मिथेनॉलने मेली. दारू पिऊन दृष्टी अंधुक झाली तर ताबडतोब रुग्णालय गाठावे, आणि दारू प्यायल्याचे लपवू नये, एवढी माहिती आणि पोलिसांची भीती नसण्याचा दिलासा वस्तीत पोहोचला असता, तर त्यांतील काही जीव तरी वाचले असते.

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळणे प्राप्त आहे. व्यसन आणि मनाचा आजार ही अनेकदा जुळी भावंडे असतात. खिन्नतेने झोप उडालेला माणूस झोपेसाठी पितो. कानांत आवाज ऐकू येणारा तरुण ते बुजविण्यासाठी गांजा ओढतो. आणि पिण्याने खिन्नता वाढते, गांजाने आवाज वाढतात. अशा माणसाला घेऊन घरचे लोक मानसोपचार विभागात जातात, तेव्हा त्यांना सांगितले जाते, ‘आधी दारू सोडवा, मग मनाचे पाहू.’ व्यसनमुक्ती केंद्रात जातात तेव्हा उत्तर मिळते, ‘हा मनोरुग्ण आहे, आम्ही घेत नाही.’ दोन्ही दारे आपापल्या नियमाने बरोबर असतात आणि रोगी मधल्या रस्त्यावर राहतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्य आणि मादक द्रव्यांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येतच सामावून घेतले आहे. म्हणजे त्या रोग्यालाही उपचाराचा, सन्मानाचा आणि छळापासून संरक्षणाचा हक्क आहे. रोग्याला साखळीने बांधणे या कायद्याने निषिद्ध आहे; व्यसनी रोगीही त्यातून वगळलेला नाही.

अशा दुहेरी आजाराच्या माणसांसाठी न्यूयॉर्कमध्ये 1992 पासून एक प्रयोग झाला. मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेंबेरिस यांनी रस्त्यावर राहणाऱ्या मनोरुग्णांना, त्यांतील कित्येक व्यसनी होते, आधी राहावयास घर दिले. व्यसन सोडल्याची अट घातली नाही. उपचार घरापर्यंत नेले. बहुसंख्य लोक त्या घरांत टिकून राहिले. कॅनडात 2009 ते 2013 या काळात पाच शहरांत दोन हजारांहून अधिक माणसांवर हाच प्रयोग काटेकोरपणे पारखला गेला, आणि नेहमीच्या पद्धतीपेक्षा या पद्धतीने कितीतरी अधिक माणसे घरात स्थिरावल्याचे दिसले. व्यसनाच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत मोठा फरक पडला नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. घर हे व्यसनावरचे औषध नव्हे. परंतु ज्याला रात्री पाठ टेकावयास जागा आहे, त्याच्यापर्यंत डॉक्टर पोहोचू शकतो. पुलाखाली निजणाऱ्याची गोळी पावसात भिजून जाते.

या दृष्टीवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. सुई द्यावी, औषध द्यावे, अट घालू नये. मग व्यसनाला मान्यताच मिळाली नाही काय? आक्षेप घेणारे बहुधा व्यसनाने पोळलेले असतात, म्हणून त्यांना हलके उत्तर देऊ नये. अनुभव असा आहे की, स्वच्छ सुया वाटल्याने नवे व्यसनी वाढल्याचे आढळलेले नाही. उलट सुई घ्यावयास येणाऱ्या माणसाची वर्षानुवर्षांत प्रथमच कोणा आरोग्यसेवकाशी गाठ पडते, आणि तेथूनच पुष्कळजण उपचाराकडे वळतात. शिवाय विक्री करणाऱ्याला हा मार्ग कोठेही अभय देत नाही. पोर्तुगालने 2001 मध्ये स्वतःपुरते द्रव्य जवळ बाळगणाऱ्याला गुन्हेगारीतून वगळून समितीपुढे नेण्याची पद्धत सुरू केली, तेव्हाही विक्री हा गुन्हाच राहिला.

दुसरा गैरसमज असा की, हा मार्ग संपूर्ण व्यसनमुक्तीच्या विरुद्ध आहे. महाराष्ट्रात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण उभे केले. पु. ल. देशपांडे यांनी त्यासाठी साहाय्य दिले. तेथून व्यसन सोडून बाहेर पडलेली माणसे गावोगाव आहेत. अशा केंद्रांचे मोल तसूभरही कमी होत नाही. ज्याला पूर्ण सोडणे साधते त्याने पूर्णच सोडावे. मद्यावर पूर्णपणे अवलंबून झालेल्या बहुतेकांना ‘थोडीशी’ झेपत नाही, हेही खरे. प्रश्न फक्त त्या केंद्रापर्यंत माणूस जिवंत पोहोचण्याचा, आणि तेथून परतल्यावर पाय घसरला तर त्याला पुन्हा तेथे जाण्याची लाज वाटू नये, एवढ्याचा आहे. व्यसन एका प्रयत्नात सुटणारी माणसे थोडी. पडणे, उठणे, पुन्हा पडणे हा या आजाराचा नेहमीचा क्रम आहे.

घरच्या माणसांनी काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे, उपदेशाची वेळ आणि मदतीची वेळ यांत भेद करावा. नशेत असलेल्याशी वाद घालू नये. त्याला कुशीवर निजवावे, एकटे सोडू नये, आणि श्वास मंद झाला किंवा जागे करूनही जाग येत नसेल तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे. दुसरी गोष्ट, शुद्धीत असताना आज्ञेऐवजी प्रश्न विचारावेत. ‘यातून तुला काय मिळते, आणि काय जाते?’ असे शांतपणे विचारले असता माणूस स्वतःच्या तोंडून सोडण्याची कारणे सांगू लागतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये मांडलेली संभाषणाची पद्धत याच अनुभवावर उभी आहे. तिसरी गोष्ट, माफी आणि मर्यादा बरोबर चालाव्यात. पगार पत्नीच्या हाती द्यावा, मुलांवर हात उगारू नये, पिऊन वाहन चालवू नये, या अटी घालणे घराचा हक्क आहे, आणि मारहाण होत असेल तेथे पत्नीने व मुलांनी स्वतःची सुरक्षितता आधी पाहावी. दुसऱ्याची हानी कमी करताना स्वतःची वाढवून घेणे हा धर्म नव्हे. चौथी गोष्ट, एकट्याने झुंजू नये. व्यसनासाठी 14446 आणि मनाच्या त्रासासाठी 14416 या सरकारी दूरध्वनी क्रमांकांवर विनामूल्य सल्ला मिळतो. जिल्हा रुग्णालयांतही सल्ला घेता येतो.

समाजाने करावयाचे कामही उघड आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत मनाचा आणि व्यसनाचा उपचार एकाच छपराखाली व्हावा; कारवाईचा आदेश निघण्यापूर्वी रुग्णालयाला कळवावे; तुरुंगातून सुटणाऱ्याला औषध आणि दवाखान्याचा पत्ता देऊन पाठवावे. यासाठी फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही, परंतु व्यसनी माणसाविषयीची एक जुनी समजूत बदलावी लागेल. तो सुधारला तर आपला, नाही तर कोणाचाच नाही, असे त्याच्याविषयी धरून चालण्याची सवय सर्वांनाच जडलेली आहे. सुधारण्यापूर्वीही तो कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी बाप आणि या देशाचा नागरिक असतो. व्यसन सुटेपर्यंतच्या काळात त्याची ही नाती राखली गेली, तर सुटल्यानंतर परत यावयास त्याच्याजवळ घर उरेल.